पायथ्याच्या दगडावरचं नाव

(नभोवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)

परदेशात जाऊन वारलेल्या एखाद्या माणसाचं थडगं शोधायचं असेल, तर आधी काय माहीत हवं? कुणी म्हणेल गाव, कुणी म्हणेल साल. दोन्ही हवंच. पण त्याही आधी हवं ते नाव. पुरुषाच्या बाबतीत इथे सहसा अडत नाही. तो ज्या नावानं जन्मतो, त्याच नावानं जातो. फार तर एखादी पदवी मागेपुढे चिकटते. बाईचा माग काढणारा मात्र पहिल्याच पायरीवर अडखळतो.

ज्यांनी आपल्या घराण्याच्या कुलवृत्तांतासाठी माहिती गोळा केली आहे, त्यांना हे वेगळं सांगायला नको. पणजोबा, त्यांचे वडील, त्यांचे आजोबा अशी साखळी चार-पाच पिढ्या मागे सहज जाते. पणजीचं काय? ती सासरी राधाबाई. पण हे नाव लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीनं लिहून ठेवलेलं. माहेरी ती कोण होती, हे सांगणारं माणूस आता घरात उरलेलं नसतं. आणि माहेरच्या वंशावळीत तिची नोंद असलीच, तर 'मुलगी, अमक्या गावी दिली' इतकीच. बाई एकच, वह्या दोन, नावं दोन, आणि मध्ये पूल नाही.

आज ज्या बाईच्या थडग्याविषयी बोलायचं आहे, तिची नावं दोन नव्हेत, पाच आहेत. थडगं आहे सीरियात, दमास्कस शहरातल्या प्रॉटेस्टंट दफनभूमीत. बाई इंग्रज, उमराव घराण्यातली. आणि तिचा पहिला नवरा आपण शाळेच्या इतिहासात भेटलेला आहे. लॉर्ड एलेनबरो, १८४२ ते १८४४ या काळातला हिंदुस्थानचा गव्हर्नर जनरल.

हे एलेनबरो महाशय कोण, ते थोडक्यात आठवू या. पहिल्या अफगाण युद्धात इंग्रजांची पार नाचक्की झाली होती. ती झाकायची म्हणून त्यांनी एक शक्कल काढली. परतीच्या वाटेवर गझनीला जायचं आणि गझनीच्या महमुदाच्या कबरीचे लाकडी दरवाजे उचलून आणायचे. का? तर हे दरवाजे महमुदानं सोमनाथाच्या देवळातून नेलेले आहेत, अशी दंतकथा होती. जनरल नॉटच्या फौजेनं ते आणले. १६ नोव्हेंबर १८४२ रोजी एलेनबरोनं हिंदुस्थानच्या राजेरजवाड्यांना उद्देशून जाहीरनामा काढला, की आठशे वर्षांच्या अपमानाचा सूड घेतला गेला आहे. पुढे जाणकारांनी दरवाजे नीट पाहिले. लाकूड चंदनाचं नव्हतं, देवदाराचं होतं. कोरीवकामही गुजराती घाटाचं नव्हतं. ते दरवाजे सोमनाथाला कधी पोचलेच नाहीत. आजही ते आग्र्याच्या किल्ल्यात आहेत. हा प्रसंग लक्षात ठेवा. आपल्याला तो पुढे लागणार आहे.

मराठी माणसाला एलेनबरोची आणखी एक आठवण आहे. १८४३ च्या फेब्रुवारीत ग्वाल्हेरचे जनकोजीराव शिंदे निपुत्रिक वारले. त्यांची पत्नी ताराबाई वयानं अजून मुलगीच होती, आणि दत्तक घेतलेले जयाजीराव तर त्याहून लहान. दरबारातल्या दुफळीचं निमित्त झालं आणि कंपनीची फौज चालून आली. २९ डिसेंबर १८४३ या एकाच दिवशी महाराजपूर आणि पनियार अशा दोन ठिकाणी लढाया झाल्या. दोन्हीकडे शिंद्यांच्या फौजेचा पराभव झाला. महाराजपूरला एलेनबरो स्वतः हजर होता. त्याच्या या एकूण कारभाराला कंपनीचे संचालक कंटाळले आणि १८४४ मध्ये त्यांनी त्याला परत बोलावलं.

हा गव्हर्नर जनरल कलकत्त्याला आला तो एकटा. सोबत पत्नी नव्हती. तिच्यापासून घटस्फोट होऊन बारा वर्षं होत आली होती. त्यानं पुन्हा लग्न केलं नाही. आणि तो ग्वाल्हेरवर चालून गेला त्या सुमारास ती ग्रीसमध्ये होती, एका ग्रीक सरदाराची बायको म्हणून.

तिचं जन्मनाव जेन डिग्बी. जन्म ३ एप्रिल १८०७, इंग्लंडच्या डॉर्सेट परगण्यातला. वडील हेन्री डिग्बी आरमारी अधिकारी. ट्रफाल्गरच्या लढाईत 'आफ्रिका' नावाच्या युद्धनौकेचे ते कप्तान होते, पुढे ॲडमिरल झाले. आई नॉरफकच्या कोक घराण्यातली. घरात पैसा, मान, शिक्षण, कशाची उणीव नव्हती. सतरा वर्षांची असताना, १५ ऑक्टोबर १८२४ रोजी तिचं लग्न एडवर्ड लॉ ऊर्फ लॉर्ड एलेनबरोशी झालं. तो चौतीस वर्षांचा, विधुर, राजकारणात पुढे येणारा. वयात बरोबर दुपटीचं अंतर.

लग्न जमलं नाही. नवरा सतत पार्लमेंटात आणि मंत्रिमंडळाच्या धावपळीत. ती मोठ्या घरात एकटी, लंडनच्या मेजवान्यांत मात्र सगळ्यांच्या नजरेत. १८२८ मध्ये मुलगा झाला, आर्थर. तो दोन वर्षांचाही झाला नाही. त्याच सुमारास जेन ऑस्ट्रियाच्या वकिलातीतल्या एका तरुण राजपुत्राच्या, फेलिक्स श्वार्झेनबर्गच्या प्रेमात पडली. लपवाछपवी तिला जमली नाही, किंवा तिनं ती केली नाही.

त्या वेळच्या इंग्लंडात घटस्फोट घेणं म्हणजे काय प्रकार होता, हे समजून घेतलं पाहिजे. १८५७ चा कायदा येईपर्यंत पुन्हा लग्न करता येईल असा पूर्ण घटस्फोट न्यायालय देऊच शकत नसे. त्यासाठी पार्लमेंटात त्या एका जोडप्यापुरता स्वतंत्र कायदा पास करून घ्यावा लागे. त्याआधीच्या जवळजवळ दोन शतकांत असे कायदे सव्वातीनशेच्या आसपास झाले. त्यांतले बायकांनी मागून मिळवलेले फक्त चार. बाकी सगळे नवऱ्यांनी मिळवले. खर्च इतका, की हा मार्ग फक्त धनिकांनाच परवडे. आणि कायदा पास व्हायचा तर पुरावा हवा, म्हणजे नोकरचाकरांच्या साक्षी हव्यात. १८३० मध्ये एलेनबरोचं प्रकरण पार्लमेंटापुढे आलं. ब्रायटनच्या हॉटेलातल्या नोकरापर्यंतच्या साक्षी झाल्या. वर्तमानपत्रांनी सगळं छापलं. तेवीस वर्षांच्या मुलीचं खाजगी आयुष्य चव्हाट्यावर आलं. कायदा पास झाला, एलेनबरो मोकळा झाला. त्याची राजकीय कारकीर्द पुढे चालू राहिली. तिला मात्र इंग्लंडच्या उच्चभ्रू समाजाचे दरवाजे कायमचे बंद झाले.

शोध घेणाऱ्याच्या दृष्टीनं इथे पहिला खड्डा आहे. इंग्लंडात उमराव घराण्यांच्या वंशावळींचे जाडजूड ग्रंथ आहेत. एलेनबरोच्या पानावर जेन सापडते. पण तिथे तिची नोंद म्हणजे लग्नाची तारीख आणि 'पार्लमेंटच्या कायद्यानं विवाह रद्द, १८३०'. त्यापुढची एक्कावन्न वर्षं ती जगली, ती त्या घराण्याच्या लेखी नाहीत. आपल्या कुलवृत्तांतातल्या 'अमक्या गावी दिली' सारखंच हे. फक्त गावही दिलेलं नाही.

मग माग कसा लागतो? नाव बदलत जातं, आपणही बदलत जायचं. श्वार्झेनबर्गपासून तिला मुलं झाली, पण लग्न झालं नाही. तो कॅथलिक, घराणं कर्मठ, आणि त्याला कारकीर्द करायची होती. पुढे १८४८ मध्ये तो ऑस्ट्रियाचा पंतप्रधान झाला. त्यानं पाठ फिरवल्यावर जेन १८३१ मध्ये म्युनिकला गेली. बव्हेरियाचा राजा पहिला लुडविग सौंदर्याचा शौकी. सुंदर स्त्रियांची चित्रं काढून घेऊन त्यानं एक दालनच सजवलं होतं. योसेफ श्टीलर या चित्रकारानं त्यासाठी जेनचं चित्र काढलं. म्युनिकच्या निम्फेनबर्ग राजवाड्यात आजही ते पाहायला मिळतं. १८३३ मध्ये तिनं बॅरन फॉन व्हेनिंगेन या जर्मन सरदाराशी लग्न केलं. नाव बदललं. मग काउंट थिओटोकिस या ग्रीक सरदाराशी भेट झाली, द्वंद्वयुद्ध झालं, व्हेनिंगेनशी काडीमोड झाला आणि १८४१ मध्ये तिसरं लग्न. पुन्हा नाव बदललं. या लग्नातला लिओनिडास हा मुलगा तिचा सर्वांत लाडका. तो सहा वर्षांचा असताना, १८४६ मध्ये, उंचावरून पडून तिच्या डोळ्यांदेखत गेला. त्यानंतर तेही लग्न टिकलं नाही.

इथवर ऐकून कुणी म्हणेल, चंचल बाई. त्या काळातल्या वर्तमानपत्रांनी तेच म्हटलं, आणि त्याहून वाईटही. पण पुढचं ऐका.

१८५३ मध्ये, सेहेचाळीस वर्षांची असताना, ती सीरियात गेली. तिला वाळवंटातलं पाल्मायराचं प्राचीन शहर पाहायचं होतं. दमास्कसहून पाल्मायरा म्हणजे त्या काळी अनेक दिवसांचा धोक्याचा प्रवास. वाटेवर टोळ्यांचा उपद्रव. त्या वाटेनं जाणाऱ्या प्रवाशांना ठरावीक रक्कम घेऊन संरक्षण देण्याचं काम अनेझा या मोठ्या बदू जमातीतल्या मेझराब घराण्याकडे होतं. जेनच्या तांड्याबरोबर त्या घराण्याचा जो तरुण आला, त्याचं नाव शेख मेजुअल अल मेझराब. जेनपेक्षा जवळजवळ वीस वर्षांनी लहान. लिहितावाचता येणारा, आपल्या वाळवंटाची खडान्खडा माहिती असलेला. पुढे दोघांनी मुस्लिम रिवाजाप्रमाणे लग्न केलं. दमास्कसमधल्या ब्रिटिश कॉन्सलला हा प्रकार मुळीच पसंत नव्हता.

हे लग्न टिकलं. पंचवीस वर्षांहून अधिक काळ, तिच्या मरणापर्यंत. वर्षातला काही काळ ती दमास्कसच्या घरात राही, काही काळ वाळवंटात, टोळीबरोबर काळ्या तंबूत. अरबी शिकली. बदू बायकांचा पोशाख घालू लागली. उंटिणीचं दूध काढू लागली. घोड्यांची पारख तिला आधीपासूनच होती. टोळीच्या चकमकींतही ती घोड्यावरून गेली. १८६० च्या जुलैत दमास्कसमध्ये ख्रिस्ती वस्तीवर भयंकर हल्ला झाला, हजारो माणसं मारली गेली. अल्जीरियाचा हद्दपार अमीर अब्द अल कादर यानं तेव्हा हजारोंना आश्रय देऊन वाचवलं. या अमीराशी पुढे जेनचा चांगला स्नेह जमला.

१८६९ मध्ये दमास्कसला नवा ब्रिटिश कॉन्सल आला, रिचर्ड बर्टन. हाही आपल्या ओळखीचा. मुंबई इलाख्याच्या सैन्यात नोकरी केलेला, अनेक भाषांबरोबर मराठीची परीक्षाही उत्तीर्ण झालेला. त्याची बायको इझाबेल हिची आणि जेनची मैत्री झाली. संध्याकाळी बर्टनच्या घराच्या गच्चीवर बर्टन, इझाबेल, अमीर आणि जेन अशा गप्पा रंगत. तिच्या आयुष्याबद्दल आपल्याला जे कळतं, त्यातलं बरंचसं इझाबेलच्या लेखनातून येतं. पण इझाबेलला थोडं तिखटमीठ लावायची सवय. आणि इथेच माग काढणाऱ्याला दुसरा खड्डा लागतो.

१८७३ मध्ये युरोपातल्या वर्तमानपत्रांतून बातमी आली, की लेडी एलेनबरो वारल्या. सोबत मृत्युलेख. त्यात तिच्या नवऱ्यांची संख्या फुगवलेली, आणि शेवटचा नवरा म्हणे उंट हाकणारा. इझाबेल बर्टननं लगेच मैत्रिणीच्या बाजूनं लिहिलं. जेन तर जिवंतच होती! आपल्या मृत्यूची बातमी आपणच वाचण्याचा योग तिच्या नशिबी आला. पण ही बातमी छापील कागदावर कायमची राहिली. आता समजा, एखादा संशोधक त्या बातमीवर विसंबला आणि १८७३ सालच्या नोंदी चाळू लागला. जन्मभर चाळल्या तरी काही मिळणार नाही. तिच्या मृत्यूला अजून आठ वर्षं होती. सोमनाथाच्या दरवाजांची गोष्ट इथे आठवायची. बातमी मोठी, गवगवा मोठा, पण लाकूड पाहिल्याशिवाय खात्री धरायची नाही.

मग खरा आधार कशाचा? अशा शोधात चार-पाच ठरावीक वाटा असतात. घरातली परदेशात गेलेली पिढी शोधणाऱ्यालाही त्या उपयोगी पडतील.

पहिली वाट, घरची कागदपत्रं. जेन रोजनिशी लिहीत असे, काही मजकूर सांकेतिक लिपीत. ही वही डिग्बी घराण्यानं, म्हणजे तिच्या माहेरानं, सांभाळली. मेरी लव्हेल या लेखिकेनं ती तपासून १९९५ मध्ये जेनचं चरित्र प्रसिद्ध केलं, तेव्हा आधीच्या कितीतरी दंतकथा गळून पडल्या. सासरच्या ग्रंथातून जी बाई १८३० मध्ये पुसली गेली, ती माहेरच्या कपाटात जिवंत राहिली.

दुसरी वाट, मृत्युपत्रं. १८५८ पासून इंग्लंडात मृत्युपत्रांची एक मध्यवर्ती सरकारी सूची ठेवली जाते. माणूस परदेशात वारला, पण त्याची मालमत्ता इंग्लंडात असली, तर त्याचं नाव बहुधा तिथे येतं, मृत्यूच्या तारखेसह.

तिसरी वाट, कॉन्सलचं दप्तर. १८४९ च्या कायद्यानंतर परदेशातले ब्रिटिश कॉन्सल आपल्या माणसांचे जन्म, विवाह, मृत्यू नोंदवू लागले आणि त्यांच्या प्रती लंडनला जाऊ लागल्या. हिंदुस्थानची व्यवस्था वेगळी. इथल्या चर्चमधल्या दफनांच्या नोंदींच्या प्रती मुंबई, मद्रास आणि बंगाल अशा तीन इलाख्यांनुसार लंडनला जात. त्या आज ब्रिटिश लायब्ररीत आहेत. आपल्याकडच्या जुन्या युरोपीय दफनभूमींची नोंद करणारी एक संस्थाही १९७६ पासून इंग्लंडात काम करते.

चौथी वाट फार महत्त्वाची आणि बऱ्याच जणांच्या लक्षात न येणारी, ती म्हणजे धर्म. माणूस कुठे वारला एवढ्यानं भागत नाही, कुणाच्या जमिनीत पुरला हे कळावं लागतं. जेननं शेखाशी लग्न केलं, बदूंमध्ये राहिली. म्हणून तिची कबर एखाद्या मुस्लिम कबरस्तानात किंवा पाल्मायराच्या वाळूत असेल, असा तर्क कुणीही करील. पण तिनं आपला धर्म सोडला नव्हता. दमास्कसमधल्या प्रॉटेस्टंट मिशनच्या प्रार्थनेला ती जात असे. तेव्हा शोध घ्यायचा तो शहरातल्या प्रॉटेस्टंट दफनभूमीत. इंग्लंडच्या संस्कृतीचा इतिहास लिहिणारा हेन्री बकल १८६२ मध्ये प्रवासात असताना दमास्कसला वारला. त्यालाही तिथेच पुरलं आहे.

आणि शेवटची वाट, प्रत्यक्ष दगड.

११ ऑगस्ट १८८१ रोजी, ताप आणि आमांशानं, जेन दमास्कसच्या आपल्या घरी वारली. वय चौऱ्याहत्तर. अंत्ययात्रेची एक हकीकत सांगितली जाते. मेजुअलला रीतीप्रमाणे शोकयात्रेतल्या बंद गाडीत बसवलं होतं. बदू माणसाला बंद गाडी ती काय माहीत! वाटेत तो गाडीतून उडी टाकून पळाला. लोक अवाक झाले. पाद्री कबरीशी शेवटची प्रार्थना म्हणत असताना टापांचा आवाज आला. मेजुअल जेनच्या लाडक्या घोडीवर स्वार होऊन आला आणि उघड्या कबरीशी उभा राहिला. हकीकत थोडी रंगवलेली असेलही. पण तो दफनभूमीत नंतर आला आणि काहीतरी करून गेला, याचा पुरावा दगडातच आहे.

या थडग्याला उशाशी आणि पायथ्याशी अशा दोन खुणा आहेत. मुख्य दगडावर इंग्रजीत तिचं नाव आहे. जेन एलिझाबेथ, ॲडमिरल सर हेन्री डिग्बी यांची कन्या, आणि जन्म-मृत्यूच्या तारखा. म्हणजे माहेरचं नाव. एलेनबरोचा उल्लेख नाही. व्हेनिंगेन नाही, थिओटोकिस नाही. 'लेडी एलेनबरोचं थडगं' शोधत कुणी त्या दफनभूमीत फिरला, तर दगडासमोरून निघून जाईल आणि त्याला कळणार नाही. तो ज्या नावाच्या शोधात आहे, ते नाव तिथे नाहीच.

आणि पायथ्याशी गुलाबी चुनखडीचा एक दगड आहे. तो पाल्मायराहून आणलेला, जिथे जायला म्हणून ती पहिल्यांदा मेजुअलबरोबर निघाली होती. त्यावर तिचं नाव अरबी अक्षरांत आहे. मेजुअलनं ते आधी कोळशानं दगडावर लिहिलं आणि मग गावातल्या पाथरवटाकडून कोरून घेतलं. त्याच्या स्वतःच्या हातचं वळण त्या अक्षरांत उतरलं.

आता त्या कागदांचा आणि या दगडांचा हिशेब मांडू या. पार्लमेंटच्या दप्तरात ती व्यभिचारिणी पत्नी. वंशावळीच्या ग्रंथात रद्द झालेला विवाह. वर्तमानपत्रात उंटवाल्याची बायको, तीही आठ वर्षं आधीच मेलेली. म्युनिकच्या राजवाड्यात एक सुंदर चेहरा. या सगळ्या नोंदी दुसऱ्यांनी केलेल्या. दगडांवर मात्र जी दोन नावं उरली, ती तिला ज्यांनी आपलं म्हटलं त्यांची. उशाशी बाप, पायथ्याशी अखेरचा नवरा. जे लग्न सगळ्या जगाला ठाऊक होतं, आणि ज्याच्यामुळे तिचं नाव इतिहासात आलं, त्याचं त्या सहा फूट जागेत नामोनिशाण नाही.

एलेनबरो १८७१ मध्ये इंग्लंडात वारला. त्यानं अफगाणिस्तानातल्या एका कबरीचे दरवाजे उचलून आणले आणि त्यांना खोटं नाव चिकटवलं. त्याच्या एके काळच्या बायकोच्या कबरीला एका बदू शेखानं वाळवंटातून दगड आणला आणि त्यावर खरं नाव लिहिलं. इतिहासाच्या पुस्तकात पहिली गोष्ट असते, दुसरी नसते.

सीरियात २०११ पासून यादवी पेटली आणि दमास्कसच्या जुन्या वास्तू पाहायला जाणं पुढची अनेक वर्षं अवघड होऊन बसलं. पाल्मायराच्या अवशेषांचा तर २०१५ मध्ये मोठा विध्वंस झाला. त्या शहरातून निघालेला हा एक दगड मात्र त्याआधी १३० वर्षं एका बाईच्या पायथ्याशी जाऊन बसला होता.

आपल्यापैकी कुणाला दमास्कसला जायचं नसेल. पण शोध आपल्या घरातही आहे. आजी किंवा तिच्या पिढीतलं कुणी अजून असेल, तर या रविवारी त्यांच्याजवळ बसा आणि एक प्रश्न विचारा. तुमच्या सासूबाईंचं माहेरचं नाव काय होतं? आडनाव, गाव, आणि घरात त्यांना काय म्हणून हाक मारत? उत्तर आलं तर ते वहीत लिहा. सासरच्या नावासमोर, त्याच ओळीत. दोन वह्यांमधला तो पूल एवढ्यानंच बांधला जातो. आणि तो बांधू शकणारी माणसं दरवर्षी थोडी थोडी कमी होत आहेत.